विषादावरील मिश्र मानसोपचार : प्रत्यक्ष भेट आणि दूरसंवाद यांची सांगड

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके असून २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार १ इतकी होती. ह्या तालुक्यांपैकी चंदगड हे ठिकाण कोल्हापूर शहरापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे; तेथील माणसाला बेळगाव अधिक जवळ पडते. गगनबावडा सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे आणि तेथील पाऊस माणसाला कित्येक दिवस उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. करवीर व शिरोळ तालुक्यांतील नदीकाठची गावे पंचगंगा व कृष्णा पात्राबाहेर आल्या की बेटासारखी होऊन बसतात. हाड मोडले, ताप उतरेना, पोटात कळ उठली, तर माणूस ही सर्व अंतरे कापून रुग्णालय गाठतो. घरचे लोकही त्याला उचलून आणतात. विषाद ह्या व्याधीची गोष्ट निराळी आहे. उठावे, अंग धुवावे, बाहेर पडावे ही इच्छाच ती प्रथम हिरावून घेते. ज्याला उपचाराची गरज सर्वाधिक, त्यालाच एस.टी.च्या थांब्यापर्यंतची वाट सर्वांत लांब वाटते. ह्या विसंगतीवर काही तोड काढता येईल काय, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

विषाद म्हणजे केवळ दुःख नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. घरातील माणूस गेले, पीक बुडाले, लग्न मोडले, तर मन खिन्न होणे स्वाभाविकच आहे आणि ते दिवसागणिक ओसरतही जाते. विषादावस्थेत मात्र खिन्नता किंवा निरिच्छता दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकून राहते, झोप व भूक बिघडतात, थकवा येतो, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत, आपण कोणाचे तरी अपराधी आहोत, असे विचार पाठ सोडत नाहीत, आणि कधी कधी जगणेच नको वाटते. ह्या नऊ लक्षणांवर आधारलेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नास शून्य ते तीन असे गुण देऊन एकूण ० ते २७ अशी तिची मोजणी होते. मराठीतही ती वापरली जाते. परंतु कोल्हापूरकडील शेतकरी स्त्री ‘रस कमी झाला आहे काय’ ह्या प्रश्नास बहुधा गोंधळून ‘नाही’ म्हणते आणि तीच स्त्री थोड्या वेळाने सहज बोलताना ‘काय करू वाटंना’, ‘जेवण जाईना’ असे सांगून जाते. प्रश्न आणि उत्तर यांमधील हे अंतर समोरासमोर बसलेल्या माणसास लवकर उमगते. ह्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

व्याधीचा विस्तार किती, ह्याची कल्पना बंगळूरच्या ‘निम्हान्स’ ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या पाहणीवरून येते. बारा राज्यांतील ह्या पाहणीत दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा विषादाने ग्रासलेले आढळले आणि विषादग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि महाराष्ट्रातील स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार दिसत नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ ह्या नावाने जो उपक्रम झाला, त्याच्या आरंभी विषादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अवघे ४.३ टक्के होते. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊ लागल्यावर ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. उपचार उपलब्ध असणे आणि माणूस उपचारापर्यंत पोहोचणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा ह्या आकड्यांचा अर्थ.

देशात मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाख लोकसंख्येमागे एकापेक्षाही कमी आहे. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची स्थिती ह्याहून बरी नाही. महाराष्ट्रातील जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशा चार ठिकाणी आहेत. कोल्हापुरात त्यांपैकी एकही नाही. सी.पी.आर. ह्या नावाने सर्वांस परिचित असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि त्यास संलग्न असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्यावरच जिल्ह्यातील सर्वसामान्य माणसाची भिस्त असते. विषादावरील मानसोपचार म्हणजे एकदा येऊन गोळ्या घेऊन जाणे नव्हे. त्यास सहा, आठ, कधी बारा-पंधरा बैठका लागतात आणि त्या शक्यतो आठवड्याच्या अंतराने व्हाव्या लागतात. चंदगडच्या माणसाने आठ वेळा कोल्हापूरला येणे म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडवणे, तितक्याच वेळा भाडे भरणे, आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचेही तितकेच नुकसान. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर रुग्ण येईनासा होतो, यात नवल ते काय? बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत तो ‘उपचार सोडलेला’ ठरतो. वास्तविक रस्त्याने व पैशाने त्याला सोडवलेले असते.

माणसे दूर असतानाही मनाचा उपचार करता येईल काय, हा प्रश्न समजतो तितका नवा नाही. १९०९ मध्ये फ्रॉइड यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘लहानगा हान्स’ ह्या प्रकरणात मुलाचा उपचार मुख्यतः वडिलांच्या द्वारे चालला होता; वडील टिपणे लिहून पाठवीत आणि फ्रॉइड त्यांस मार्गदर्शन करीत. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा ह्या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीची सेवा सुरू केली. १९५९ च्या सुमारास अमेरिकेतील नेब्रास्का येथे सेसिल विटसन यांनी दुहेरी चित्रवाणीच्या साह्याने गटोपचाराचे प्रयोग केले व १९६४ मध्ये त्याच साधनाने ११२ मैलांवरील रुग्णालय जोडून घेतले. महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती येथे रुजवणारे कि. मो. फडके यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार चालू केला आणि तो छत्तीस वर्षे टिकला. तो उपचार नव्हता, शिक्षण होते, हे खरे. परंतु एक मन दुसऱ्या मनाला टपालाच्या लिफाफ्यातून किती दूरवर नेऊ शकते याचा तो पुरावा आहे. पुढील काळात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२ पासूनची ‘आयकॉल’ ही सेवा, ठाण्याच्या ‘आय.पी.एच.’ची ‘मैत्र’ ही सेवा, अशी दूरध्वनीवरील समुपदेशनाची परंपरा आपल्याकडे तयार होत गेली.

इंटरनेट आल्यावर ह्या प्रश्नाने निराळे वळण घेतले. आता माणसाशी दूरून बोलण्याचाच नव्हे, तर माणसावाचूनच उपचार करण्याचा विचार पुढे आला. विषादग्रस्ताचे विचार तपासावयाचे, त्यांतील अतिरेक दाखवावयाचा, कृतीचे वेळापत्रक आखावयाचे, हे सारे पाठांच्या रूपाने संगणकावर मांडता येते आणि ते कितीही लोकांना एकाच वेळी देता येते. ही कल्पना काटकसरीच्या दृष्टीने मोहक आहे. तिची कठोर परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. तेथील कौटुंबिक डॉक्टरांकडे आलेल्या ६९१ विषादग्रस्तांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचाराबरोबर असे संगणकीय पाठ दिल्याने अधिक लाभ झाला नाही, असे त्यात आढळून आले; कारण बहुसंख्य रुग्णांनी एक-दोन पाठांपलीकडे मजलच मारली नाही. ज्याला दात घासण्याचा कंटाळा येतो, त्याच्या हाती स्वाध्यायाची वही देऊन निघून जाण्यासारखेच हे झाले. पुढे २०२१ मध्ये अनेक चाचण्यांतील व्यक्तिगत नोंदी एकत्र करून जे विश्लेषण झाले, त्याने चित्र अधिक स्वच्छ केले. विषाद सौम्य असेल तर केवळ पाठांनीही काही काम भागते. परंतु वर उल्लेखिलेल्या प्रश्नावलीत नऊहून अधिक गुण असणाऱ्यांस, पाठांबरोबर माणसाचे मार्गदर्शन असेल तरच लक्षणीय अधिक लाभ होतो.

दुसरा प्रश्न असा की, माणूस असला पण तो दूरध्वनीवर असला तर काय? ह्याचे उत्तर शिकागो परिसरातील ३२५ रुग्णांवरील एका चाचणीने दिले. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मिश्र उपचाराच्या विचारात त्यांचे महत्त्व फार आहे. एका गटास अठरा बैठका समोरासमोर, दुसऱ्यास त्याच अठरा बैठका दूरध्वनीवर, अशी रचना होती. समोरासमोरच्या गटातील ३२.७ टक्के लोकांनी उपचार मध्येच सोडला. दूरध्वनीच्या गटातील २०.९ टक्के लोकांनी. उपचाराच्या अखेरीस दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. येथवर दूरध्वनीचा विजय दिसतो. परंतु सहा महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा समोरासमोर उपचार घेतलेल्यांची प्रकृती अधिक चांगली टिकून होती. दूरसंवादाने माणूस उपचारात टिकतो, तर प्रत्यक्ष भेटीने उपचाराचा गुण टिकतो, असा ह्या निष्कर्षाचा अर्थ लावता येईल. असे का व्हावे, यावर मतभेद आहेत. उठून, कपडे करून, घराबाहेर पडून, दुसऱ्या माणसासमोर जाऊन बसणे हाच विषादाविरुद्धचा एक व्यायाम असतो आणि दूरध्वनीने तो व्यायाम बुडतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. ते मान्य होण्यासारखे आहे.

ह्या दोन गुणांची सांगड घालण्याच्या विचारातून मिश्र उपचारपद्धती आकारास आली. तिच्यात प्रत्यक्ष भेटी, दूरसंवाद व बैठकांमधील काळात करावयाचे स्वाध्याय हे एकाच आराखड्याचे भाग असतात. भेट चुकली म्हणून फोन केला, याला मिश्र उपचार म्हणत नाहीत. कोणती गोष्ट भेटीत व कोणती दूरून करावयाची हे आधी ठरलेले असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व लुइव्हिल येथील विद्यापीठांतील १५४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत एका गटास पन्नास मिनिटांच्या वीसपर्यंत बैठका मिळाल्या. दुसऱ्या गटास बाराच बैठका, त्यांतही पहिली सोडून बाकीच्या पंचवीस मिनिटांच्या, व जोडीला संगणकावरील नऊ पाठ असे देण्यात आले. सोळा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत रोगमुक्तांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. उपचारकाचा वेळ मात्र दुसऱ्या गटात कितीतरी कमी लागला. जेथे उपचारक मुळातच थोडे आहेत तेथे वाचलेल्या वेळाचा अर्थ दुसऱ्या रुग्णास मिळालेली बैठक असा होतो. हे उपचार उच्चशिक्षित, घरी संगणक असणाऱ्या लोकांवर झाले होते, ही मर्यादा मात्र विसरता येत नाही.

आपल्याकडील परिस्थितीस जवळचा पुरावा शेजारच्या गोव्यातून येतो. तेथील ‘संगाथ’ ह्या संस्थेने विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ विषादग्रस्तांवर चाचणी केली. उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. सहा ते आठ बैठकांत त्यांनी शिकवले ते एवढेच की, मनाला उभारी येण्याची वाट न पाहता आधी कृती करावी. कृतीने उभारी येते. ह्या पद्धतीस कृतिप्रवर्तन म्हणता येईल. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण विषादमुक्त झाले होते. ज्यांना नेहमीचाच, परंतु थोडा सुधारलेला उपचार मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर हीच पद्धती मध्य प्रदेशात आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम झाले व त्यात मोबाइलवरील पाठांनी प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ ह्या उपक्रमात गावातील कार्यकर्ते मोबाइलवर छोटे चित्रपट दाखवून पारावर, ओसरीवर मनाच्या दुखण्याविषयी बोलणे सुरू करीत. यंत्र येथेही आहे. परंतु ते माणसाच्या हातात आहे आणि तो माणूस गावचा आहे.

चंदगड तालुक्यातील एखाद्या चाळिशीच्या गृहिणीवर मिश्र पद्धतीने उपचार करावयाचा झाल्यास तो कसा होईल, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. पहिली भेट प्रत्यक्षच झाली पाहिजे. त्याचे पहिले कारण शारीरिक आहे. कंठस्थ ग्रंथीचा स्राव कमी पडला किंवा रक्तक्षय झाला तर थकवा, मंदपणा, निरिच्छता ही विषादासारखीच लक्षणे दिसतात. रक्त तपासल्यावाचून ती ओळखता येत नाहीत आणि रक्त फोनवरून काढता येत नाही. दुसरे कारण असे की, पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला आहे काय हे पाहावे लागते, व ते घरच्या माणसांस विचारल्यावाचून नीटसे कळत नाही. तसा तो येऊन गेला असेल तर उपचाराची दिशाच बदलते. तिसरे कारण आत्महत्येच्या विचारांचे. हा प्रश्न विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची असून तो स्पष्ट शब्दांत विचारलाच पाहिजे. परंतु उत्तर ऐकण्याइतकेच ते देताना रुग्णाची मान कोठे वळली, हाताने पदराचे काय केले, हे पाहणेही आवश्यक असते. ह्याच भेटीत पुढील फोनचा वार व वेळ ठरते. फोन कोणाचा, तो दुसरे कोण उचलते, कोठे बसून बोलता येईल, मध्येच कोणी आले तर काय करावयाचे, हेही ठरते. ‘डेअरीचा हिशेब उद्या बघू’ असे एखादे साधे वाक्य संकेत म्हणून ठरवून ठेवल्यास कोणास संशय न येता बोलणे थांबवता येते.

दुसरी भेटही शक्यतो प्रत्यक्ष असावी. त्यात दिवसाचे वेळापत्रक बनते. विषादग्रस्त स्त्री दिवसभर काहीच करीत नाही, असे नसते. चूल, गोठा, मुलांचे डबे हे सारे ती ओढून नेते. सुटलेले असते ते निराळेच : शेजारणीकडे जाणे, सांजवेळी देवळात जाणे, बचत गटाच्या बैठकीस जाणे, माहेरी फोन करणे. ह्यांपैकी एक लहानशी गोष्ट निवडून तिला वार व वेळ बांधून दिली जाते. येथून पुढे चार-पाच बैठका दूरध्वनीने सहज होऊ शकतात. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या असल्या तरी चालते. ठरलेली गोष्ट झाली काय, झाली तेव्हा मनाला कसे वाटले, झाली नसेल तर आड काय आले, एवढेच त्यात बोलावयाचे असते. ‘सोमवारी बचत गटात गेले होते, पण बोलले नाही कुणाशी,’ असे रुग्णाने सांगितले तर गेल्याचे मोल तिच्या लक्षात आणून द्यावयाचे आणि पुढच्या सोमवारी एका बाईशी बोलण्याचे ठरवावयाचे. भातलावणीच्या दिवसांत तर फोनवाचून गत्यंतरच नसते. त्या काळात कोणत्याही शेतकरी बाईस कोल्हापूरला बोलावणे व्यर्थ होय. चौथ्या किंवा पाचव्या बैठकीच्या सुमारास एक भेट पुन्हा प्रत्यक्ष व्हावी, कारण फोनवर ‘बरं हाय’ म्हणण्याची आपल्याकडील लोकांस फार सवय आहे. ही भेट चंदगड किंवा गडहिंग्लज येथील शासकीय रुग्णालयात झाली तरी हरकत नाही.

फोनवर जे हरवते त्यात मौनाचा विचार विशेष करून व्हावयास हवा. समोर बसलेला रुग्ण अर्धा मिनिट गप्प राहिला तर ते मौन उपचाराचीच सामग्री असते. अनुभवी उपचारक ते मोडत नाही. फोनवरील मौन आणि गेलेली रेंज यांत मात्र फरक करता येत नाही. उपचारक ‘ऐकू येतंय का?’ असे विचारतो आणि जे शब्द ओठांवर येत होते ते परत जातात. डोंगरी भागात रेंजसाठी माळावर किंवा बांधावर जावे लागते, तेथे वाऱ्याचा आवाज असतो. पण तेथे सासू नसते, हीही गोष्ट आहे. रुग्णालयाच्या मनोविकार विभागाबाहेर बाकावर बसलेले असताना गावचा कोणी भेटेल ही धास्ती फोनने जाते; घरातील भिंतीस कान असतात ही धास्ती फोनने येते. कोणती धास्ती मोठी, हे प्रत्येक रुग्णास विचारूनच ठरवावे लागते.

फोन सर्वांच्या हाती आहे, हे गृहीतही तपासून घेतले पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून थोड्याच अधिक स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता आणि इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया दहांत चारही नव्हत्या. विषाद स्त्रियांत अधिक आढळतो आणि साधन त्यांच्याकडे कमी, अशी ही स्थिती आहे. म्हणून चित्रसंवादावर विसंबलेला आराखडा पुण्या-मुंबईस शोभून दिसला तरी शाहूवाडी-भुदरगडास तो साध्या फोनवर उतरवावा लागेल आणि काही घरांत आशाताईच्या फोनवर.

ह्या बाबतीत शासकीय धोरण गेल्या काही वर्षांत बरेच पुढे आले आहे. टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. दूरून उपचार करणे कायदेशीर की बेकायदेशीर हा संदेह त्यांनी मिटवला. काही वर्गांतील औषधे दूरसंवादाने लिहून देण्यास त्यांत मनाई आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा विनामूल्य क्रमांक असून मराठीतही बोलता येते. तिची रचना दुमजली आहे : पहिल्या मजल्यावर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात, गरज वाटल्यास रुग्णास दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय किंवा चित्रसंवादाची सेवा यांच्याकडे, पाठवले जाते. कागदावर पाहता ही मिश्र उपचाराचीच यंत्रणा आहे. परंतु ह्या दोन मजल्यांमधला जिना हाच तिचा नाजूक भाग होय. फोनवरील समुपदेशकाने ‘सी.पी.आर.ला जा’ असे सांगितले आणि रुग्ण गेला नाही, तर ते कोणास कळते? गेला, आणि तेथे त्याला आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली, तर तो दुसऱ्यांदा फोन करील काय? एका माणसाने आधी भेटून मग फोन करणे आणि एका अनोळखी आवाजाने दुसऱ्या अनोळखी माणसाकडे पाठवणे, ह्या दोन्हींस एकच नाव देणे योग्य नव्हे. चाचण्यांत जे गुण दिसले ते पहिल्या प्रकारचे आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमधील व २०२१ च्या जुलैमधील महापुरांनी दोन्ही साधनांच्या मर्यादा एकदमच दाखवून दिल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेले. पुणे–बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, म्हणजे प्रत्यक्ष भेट अशक्य झाली. अशा वेळी दूरसंवाद हाच आधार, असे कोणीही म्हणेल. परंतु पाण्याबरोबर वीजही गेली आणि विजेबरोबर फोनही विझले. त्या दिवसांत उपयोगी पडू शकतो तो शाळेत उघडलेल्या छावणीतील जवळचा माणूस : आरोग्यसेविका, शिक्षक, आशाताई. पूर ओसरल्यानंतरच्या महिन्यांत, घरातला गाळ उपसून झाल्यावर, जेव्हा मदतीची वाहने येईनाशी होतात आणि विषाद डोके वर काढतो, तेव्हा मात्र फोनचे महत्त्व पुन्हा वाढते. तेव्हा कोणास फोन करावयाचा ही यादी पूर येण्यापूर्वीच, रुग्णाच्या संमतीने, तयार असली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. छावणीच्या वहीत ही नावे उघड लिहून चालणार नाही.

काही रुग्णांच्या बाबतीत मिश्र पद्धतीचा विचारच करू नये. ज्याने अन्नपाणी सोडले आहे, ज्याला भास होतात, ज्याने आत्महत्येची तयारी केली आहे, किंवा ज्या स्त्रीला घरातच मारहाण होते आणि फोनही मारणाऱ्याच्याच ताब्यात आहे, त्यांना प्रत्यक्षच पाहिले पाहिजे व तेही तातडीने. जिल्ह्यातल्या शेतीप्रधान गावांत तणनाशके व कीटकनाशके गोठ्याच्या कोपऱ्यात सहज हाती लागतात. म्हणून दूरध्वनीवरील प्रत्येक बैठकीच्या आरंभी रुग्ण ह्या क्षणी नेमका कोठे आहे, जवळ कोण आहे आणि फोन तुटला तर कोणी कोणास पुन्हा लावावयाचा, हे विचारून घेण्याचा प्रघात आहे. नवशिक्या उपचारकास हे प्रश्न रुक्ष वाटतात आणि तो ते वगळतो. रात्री आठ वाजता, ‘आता बोलून काय उपयोग’ असे म्हणून पलीकडून फोन बंद झाला, की त्या प्रश्नांची किंमत कळते. गावाचे नाव ठाऊक असेल तर पाच मिनिटांत शेजारचे दार ठोठावता येते. नुसता दहा आकडी क्रमांक ठाऊक असेल तर फोन पुन्हा पुन्हा लावीत बसण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

उपचाराची शेवटची बैठकही पहिल्यासारखीच प्रत्यक्ष व्हावी, असे बहुतेक जाणकार मानतात. विषाद एकदा येऊन गेल्यावर पुन्हा येण्याचा संभव बराच असतो, म्हणून त्या बैठकीत एक कागद रुग्णाच्या हस्ताक्षरात, किंवा त्याला लिहिता येत नसेल तर त्याने सांगितलेल्या शब्दांत, लिहिला जातो. झोप किती दिवस मोडली की सावध व्हावयाचे, कोणती गोष्ट सुटू लागली की ती आधी धरावयाची, घरात कोणास सांगावयाचे, कोणता क्रमांक लावावयाचा, एवढ्याच ओळी त्यावर असतात. दुखणे वाढले असता डोळ्यांपुढे जे शब्द यावयाचे ते रुग्णाचेच असावेत, म्हणून तेथे ‘काय करू वाटंना’ असेच लिहावे, ‘रस कमी होणे’ असे लिहू नये. कागद भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे राहतो. आणि एका महिन्यानंतरचा पहिला फोन कोणत्या वारी, किती वाजता व कोणी करावयाचा, ते त्याच दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवलेले असते.